वाफेचा दाब आणि तापमापकाची पत

बंद भांड्यात एखादा द्रव ठेवला आणि वरची हवा काढून टाकली, की त्यातला थोडा द्रव वाफ होऊन वर येतो आणि एका ठरावीक दाबाला वाफेची वाढ थांबते. तिथून पुढे जेवढे कण द्रवातून सुटतात तेवढेच त्यात परततात. हा त्या द्रवाचा बाष्पदाब. भांडं केवढं, द्रव किती, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. द्रव कोणता आणि तापमान किती, या दोनच गोष्टी तो ठरवतात. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग दाब मोजण्याचा प्रयोग म्हणून शिकवला जातो. इतिहास मात्र वेगळं सांगतो. दाब कसा मोजायचा हा प्रश्न टॉरिचेल्लीच्या पाऱ्याच्या नळीने १६४०च्या दशकातच तत्त्वतः सोडवला होता. अडून राहिलं होतं ते तापमान. माझं म्हणणं असं, की बाष्पदाबाच्या मापनाचा इतिहास हा बऱ्याच अंशी तापमापकाच्या विश्वासार्हतेचा इतिहास आहे. निरपेक्ष तापमान नावाची जी संकल्पना आज आपण सहज वापरतो, तिला आकड्यांचा पाया मिळाला तो वाफेच्या कंटाळवाण्या कोष्टकांतून.

अडचण कुठे होती, ते आधी पाहू. द्रव उकळतो तो त्याचा बाष्पदाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की. समुद्रकिनारी पाणी १०० अंशांना उकळतं, महाबळेश्वरच्या साडेतेराशे मीटर उंचीवर ते पंचाण्णव-शहाण्णव अंशांनाच उकळू लागतं. हवेचा दाब बदलला की पाण्याचा उत्कलनबिंदू सरकतो, हे फॅरनहाइटने १७२४ मध्येच नोंदवलं होतं, आणि १७४२ मध्ये आपली शंभर अंशांची मोजपट्टी मांडताना सेल्सियसलाही याची जाणीव होती. लंडनच्या रॉयल सोसायटीने तापमापकांवरच्या खुणा पक्क्या करण्यासाठी हेन्री कॅव्हेंडिशच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १७७७ च्या तिच्या अहवालाने सांगितलं, की तापमापक उकळत्या पाण्यात न बुडवता त्यावरच्या वाफेत धरावा आणि त्या वेळी वायुदाबमापकात पारा २९.८ इंचांवर असावा. शिफारस व्यवहार्य होती, पण तिने एक वर्तुळ उघडं पाडलं. तापमापकावरची वरची खूण पाण्याच्या बाष्पदाबावर उभी, आणि पाण्याच्या बाष्पदाबाचं कोष्टक त्याच तापमापकावर उभं. गावातल्या दोन घड्याळांनी एकमेकांकडे पाहून वेळ लावून घ्यावी, तसला हा कारभार होता. दोन खुणा जमल्या तरी मधल्या आणि पुढच्या अंशांचं काय? पारा त्या अंतरात समप्रमाणात प्रसरण पावतो, याला आधार कोणता?

वाफेचा दाब मोजण्याचे पहिले गंभीर प्रयत्न इंजिनांपायी झाले. ग्लासगोत न्यूकोमेनच्या इंजिनाची प्रतिकृती दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॉटने १७६० च्या दशकात वाफेचं तापमान आणि दाब यांची सांगड घालून पाहिली. स्पॅनिश अभियंता बेटानकूरने १७९० मध्ये पॅरिसमध्ये याच विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला. पण या कामाला प्रयोगशाळेची शिस्त दिली ती इंजिनाशी फारसा संबंध नसलेल्या माणसाने. जॉन डाल्टन कंबरलंडमधल्या एका विणकराचा मुलगा, पोटापाण्यासाठी शिक्षक आणि मनाने हवामानाचा अभ्यासक होता. १७८७ पासून १८४४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने रोजच्या हवेच्या नोंदी ठेवल्या. हवेत पाण्याची वाफ असते ती विरघळलेली असते की नुसती मिसळलेली, हा त्याचा प्रश्न. ऑक्टोबर १८०१ मध्ये मँचेस्टरच्या साहित्य व तत्त्वज्ञान मंडळापुढे त्याने जे निबंध वाचले, त्यांतली पद्धत आजही कुणालाही समजेल अशी आहे. पाऱ्याने भरलेली वायुदाबमापकाची नळी घ्यायची, पाऱ्याच्या वरच्या निर्वात पोकळीत द्रवाचा एक थेंब सोडायचा, बाहेरून रुंद नळी बसवून तिच्यात गरम पाणी ओतायचं आणि पारा किती खाली उतरतो ते पाहायचं. जेवढा पारा उतरला तेवढा वाफेचा दाब. मग हाच दाब कोरड्या हवेत पाणी सोडून पाहिला, तर हवेच्या दाबात तेवढीच भर पडली. वाफेला हवेचं काही सोयरसुतक नाही, हे त्यातून दिसलं आणि मिश्रणातल्या प्रत्येक वायूचा दाब वेगळा धरण्याचा नियम उभा राहिला. डाल्टनचा अणुसिद्धान्त याच वाटेने आला.

डाल्टनची खरी गोष्ट त्याच्या कोष्टकात आहे. त्याने ३२ अंश फॅरनहाइटला पाण्याचा बाष्पदाब ०.२ इंच दिला आणि २१२ अंशांना ३० इंच. मधल्या टप्प्यांसाठी दर सव्वाअकरा अंशांना दाब किती पटींनी वाढतो ते काढलं. हे गुणोत्तर स्थिर निघालं असतं तर वाफेचा दाब भूमितीश्रेणीने वाढतो असा देखणा नियम हाती आला असता. तसं झालं नाही. खालच्या टोकाला गुणोत्तर सुमारे १.४८ होतं, आणि घसरत घसरत उकळबिंदूपाशी १.२५ वर आलं. दुसऱ्या एखाद्याने नियम सोडून दिला असता. डाल्टनने तापमापक सोडला. १८०८ च्या आपल्या रसायनशास्त्रावरच्या ग्रंथात त्याने तापमानाची नवी मोजपट्टी मांडली. तिचे अंश असे आखले, की समान अंशांना वाफेचा दाब समान पटींनीच वाढावा. ही लबाडी नव्हती. पाऱ्याच्या समान वाढीला समान तापमान म्हणायचं हा जर संकेतच, तर वाफेच्या समान पटींना तसं म्हणायला काय हरकत, असा त्याचा युक्तिवाद होता. त्यात तर्कदोष नाही, आणि म्हणूनच हा प्रसंग मला विशेष बोलका वाटतो. अणूंचा विचार करणाऱ्या माणसाला बाष्पदाबाच्या आकड्यांपुढे पहिली शंका आली ती तापमापकाची. मोजपट्टी टिकली नाही. द्युलाँ आणि पेटी यांनी १८१८ मध्ये पारा आणि हवा या दोन तापमापकांची काटेकोर तुलना करून तिचा पाया काढून घेतला. सगळ्या द्रवांचा दाब आपापल्या उकळबिंदूपासून समान अंतरावर समान असतो, हा डाल्टनचा दुसरा नियमही पुढच्या मोजणीत कोसळला.

इथे वाफेच्या इतिहासाचा अभ्यासक अडवेल आणि म्हणेल, की तापमापकाची ही कुरकुर विद्वानांची होती. कारखान्यातल्या बॉयलरला तिची गरज कुठे होती? कॉर्नवॉलच्या खाणींतली उच्चदाबाची इंजिनं कोणत्याही कोष्टकाविना चालतच होती. आक्षेप निम्मा बरोबर आहे. इंजिन चालवायला झडप आणि अनुभव पुरत होता. पण बॉयलर फुटून माणसं मरू लागली तेव्हा सरकारांना नियम करावे लागले, आणि नियम करायला आकडे लागतात. फ्रान्सने १८२३ च्या अध्यादेशाने उच्चदाबाच्या बॉयलरवर सुरक्षा झडपांबरोबर वितळणाऱ्या मिश्रधातूच्या चकत्या बसवणं सक्तीचं केलं. ठरलेल्या दाबाच्या वाफेचं जे तापमान, त्याहून थोड्याच वरच्या तापमानाला चकती वितळावी आणि वाफ सुटून जावी, अशी योजना. म्हणजे दाबाची मर्यादा तापमानाच्या भाषेत लिहिली गेली. दहा वातावरणांच्या वाफेचं तापमान किती, हे ठाऊक नसेल तर असा कायदा अंमलात कसा आणायचा? सरकारने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला विचारलं, आणि अकादमीने द्युलाँ आणि आरागो यांना कामाला लावलं.

द्युलाँने त्याआधीच, १८११ मध्ये, एका स्फोटक संयुगाचा शोध लावताना एक डोळा आणि हाताची बोटं गमावली होती. तरी तो बॉयलरपाशी उभा राहिला. आँरी चौथा या राजाच्या नावाच्या पॅरिसमधल्या विद्यालयाच्या आवारात जुन्या चर्चचा एक मनोरा होता. त्यात दोन-दोन मीटरच्या तेरा काचनळ्या एकावर एक जोडून पाऱ्याचा सव्वीस मीटरचा स्तंभ उभारला गेला. त्याच्याशी ताडून बंद हवेचा दाबमापक प्रमाणित केला आणि मग बॉयलरचे प्रयोग वेधशाळेच्या आवारात झाले. बॉयलरच्या आत बंदुकीच्या नळ्या बसवून, त्यांत पारा भरून, तापमापक त्यात बुडवले होते. एक नळी पाण्यात, एक वाफेत. चोवीस वातावरणांपर्यंत मोजणी झाली आणि पुढचे आकडे सूत्राने पन्नासपर्यंत ओढले गेले.

मनोऱ्याची ही कथा माझ्या म्हणण्याविरुद्ध सहज वापरता येईल. सव्वीस मीटर पारा उभा करणं ज्याला सोपं वाटतं त्याने तो उभा करून दाखवावा. मान्य. तरीही ती अडचण काच, पारा, पैसा आणि मनुष्यबळाची होती. दाब म्हणजे काय याबद्दल कुणाचा वाद नव्हता. चुकीची किंमत किती, हेही पाहावं. १०० अंशांच्या आसपास तापमान एका अंशाने चढलं तर पाण्याचा बाष्पदाब सुमारे २७ मिलिमीटर पाऱ्याने वाढतो. स्तंभाची उंची मिलिमीटरच्या दशांशापर्यंत वाचता येत असेल, तर तेवढा काटेकोरपणा फुकट जाऊ नये म्हणून तापमान अंशाच्या अडीचशेव्या भागापर्यंत कळायला हवं. २३० अंशांना हाच फरक अंशामागे सुमारे चाळीस सेंटिमीटर पाऱ्याचा होतो. तिथे तापमापकाने अर्ध्या अंशाची थाप मारली तरी दाबाचा आकडा वीतभर चुकतो. गोठणबिंदूपाशी मात्र पारडं फिरतं. तिथे एका अंशामागे दाब जेमतेम मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याने हलतो, आणि अडचण स्तंभ वाचण्याची असते. डाल्टनचे ०.२ इंच म्हणजे सुमारे ५.१ मिलिमीटर, आजचा आकडा ४.५८ आहे. ही चूक तापमापकाच्या माथी मारता येणार नाही. माझा दावा उकळबिंदूच्या आसपासच्या आणि त्यावरच्या पट्ट्यासाठी आहे, आणि सरकारला, अभियंत्याला हवा होता तो हाच पट्टा.

या पट्ट्यात शिस्त आणली आँरी व्हिक्टर रेन्यो याने. १८१० मध्ये आखेनला जन्मलेला हा माणूस आधी रसायनशास्त्रज्ञ होता. १८४१ मध्ये कॉलेज द फ्रान्समध्ये भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाल्यावर सार्वजनिक बांधकाम मंत्रालयाच्या पैशावर त्याने वाफेच्या इंजिनांच्या गणिताला लागणारे सगळे आकडे नव्याने मोजायला घेतले. पहिला महाग्रंथ १८४७ मध्ये आला. त्यात पाण्याचा बाष्पदाब उणे ३२ अंशांपासून २३० अंशांपर्यंत दिलेला आहे, आणि गोठणबिंदूला त्याने ४.६० मिलिमीटर हा आकडा दिला. त्याने दोन स्वतंत्र मार्ग वापरले. कमी तापमानाला डाल्टनसारखा स्थिर स्तंभ, आणि वरच्या तापमानाला उलटी रीत: कोंडलेल्या हवेचा दाब हवा तसा ठेवायचा आणि त्या दाबाखाली पाणी कोणत्या तापमानाला उकळतं ते पाहायचं. दोन्ही रीतींचे आकडे जिथे एकमेकांवर येतात तिथे ते जुळले पाहिजेत, हा पडताळा. वीस मीटरहून उंच पाऱ्याचा दाबमापक त्यानेही उभारला. पण सगळ्यात जास्त कष्ट त्याने घेतले ते तापमापकावर. निरनिराळ्या काचांत भरलेले पाऱ्याचे तापमापक ०ला आणि १००ला तंतोतंत जुळवले, तरी वरच्या तापमानांना ते आपापसांत काही अंशांनी फुटतात, असं त्याला आढळलं. काचही प्रसरण पावते आणि प्रत्येक काच आपल्या चालीने. हवेचा तापमापक मात्र कमी हवा भरा की जास्त, काच ही असो की ती, जवळजवळ तेच सांगत होता. म्हणून रेन्योने हवेचा तापमापक प्रमाण मानला. हवा समप्रमाणात प्रसरण पावते असं सिद्ध झालं म्हणून नव्हे. ते कसं सिद्ध करणार, पुन्हा तापमापकच लागणार. त्याचा निकष साधा होता: जे यंत्र स्वतःशीच भांडतं ते बाद.

रेन्योवर टीका करणं सोपं आहे आणि ती होत आली आहे. आयुष्यभर आकडे गोळा केले, पण ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम जुळून येत असताना त्याच्या हाताला तो लागला नाही. कोष्टकं जुळवायला त्याने जी सूत्रं वापरली ती निव्वळ आकड्यांची सोय होती, त्यांना भौतिक अर्थ नव्हता. हिशेबनीस, कल्पक नव्हे, असा शेरा मारून मोकळं होता येतं. मला हा शेरा उथळ वाटतो. त्याच्यापुढे डाल्टनचं उदाहरण होतं. सुंदर नियमाच्या मोहात तापमापक वाकवण्याऐवजी त्याने नियमाची घाई टाळली, आणि म्हणूनच त्याचे आकडे दुसऱ्याच्या नियमाची कसोटी बनू शकले. १८४५ मध्ये केंब्रिजहून नुकताच बाहेर पडलेला विल्यम थॉमसन, पुढचा लॉर्ड केल्व्हिन, रेन्योच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून काही काळ राबला. त्या सुमारास त्याच्या हाती क्लापेरॉनचा १८३४ चा निबंध आला. क्लापेरॉनने दाखवलं होतं, की तापमानाबरोबर बाष्पदाब किती वेगाने चढतो याचा संबंध वाफ होताना लागणाऱ्या अप्रकट उष्म्याशी आणि होणाऱ्या आकारमानाच्या वाढीशी आहे. मात्र या संबंधात तापमानाचं एक अनोळखी फलन बसलेलं होतं, पदार्थ कोणताही घेतला तरी तेच. ते फलन म्हणजेच पदार्थावर न विसंबणारा तापमापक, हे थॉमसनने ओळखलं आणि १८४८ मध्ये निरपेक्ष मोजपट्टीची कल्पना मांडली. पुढच्या वर्षी त्याने रेन्योच्या कोष्टकांतून ० ते २३० अंशांपर्यंत अंशाअंशाला त्या फलनाचे आकडे काढले. जूलने त्याला सुचवलं होतं, की हवेच्या तापमापकाच्या शून्यापासून मोजलेल्या तापमानाशी हे फलन व्यस्त प्रमाणात असावं. क्लॉझियसने १८५० मध्ये तेच धरून सिद्धान्त उभा केला. आकडे पूर्ण जुळत नव्हते, कारण वाफेची घनता थॉमसनने मोजलेली नव्हती, आदर्श वायूच्या नियमावरून गृहीत धरली होती. हा न जुळणारा भागही उपयोगी ठरला: संपृक्त वाफ त्या नियमाने वागत नाही, हे क्लॉझियसने त्यातूनच दाखवलं. सिद्धान्त आधी आणि मापन त्याच्या मागून, हा क्रम इथे लागू पडत नाही.

रसायनशास्त्रज्ञाचा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. तो म्हणेल, पाण्याचं ठीक आहे, ते शुद्ध मिळतं; पण सेंद्रिय द्रव घ्या, तिथे तापमापकापेक्षा मळ जास्त फसवतो. विरघळलेल्या हवेचा दाब वाफेच्या दाबात मिसळतो, बाष्पनशील अशुद्धी तो वाढवते, जड अशुद्धी कमी करते. रेन्योलाही काही द्रवांसाठी स्थिर आणि उकळण्याच्या रीतींचे आकडे जुळेनात, आणि त्याने दोष अशुद्धीला दिला. १८८० च्या दशकात या तफावतीवरून वाद पेटला, तेव्हा ब्रिस्टलचे रॅम्से आणि यंग यांनी शुद्ध द्रवांसाठी दोन्ही रीती एकच उत्तर देतात हे दाखवून दिलं. शिकागोच्या स्मिथ आणि मेंझिस यांनी १९१० मध्ये आयसोटेनिस्कोप बनवला तो याच अडचणीवर: छोट्या काचेच्या फुग्याला जोडलेल्या वाकड्या नळीत तोच द्रव अडसर म्हणून राहतो, उकळवून आतली हवा जागच्या जागी हाकलता येते, आणि बाहेरचा दाब कमी-जास्त करून नळीतल्या दोन्ही पातळ्या एका रेषेत आणल्या की तो दाब वाचायचा. तेव्हा या प्रांतात शुद्धतेचा प्रश्न पहिला, हे कबूल. मात्र फरक एवढा, की मळ काढता येतो आणि निघाला की नाही हे दोन रीतींची तुलना सांगते. राऊलने तर १८८० च्या दशकात विरघळलेल्या पदार्थामुळे बाष्पदाब किती उतरतो यावरून त्या पदार्थाचा रेणुभार काढण्याची वाट दाखवली. दोषच साधन झाला. तापमापकाच्या चुकीला असा बाहेरचा साक्षीदार निरपेक्ष मोजपट्टी येईपर्यंत नव्हता.

विसाव्या शतकात दाब इतका खाली गेला की तो स्तंभावर वाचायची सोयच उरली नाही. कोपनहेगनच्या क्नुडसेनने १९०९ मध्ये सूक्ष्म भोकातून निर्वातात निसटणाऱ्या पाऱ्याच्या वाफेवरून दाब काढला. १९१३ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमधल्या लँगम्युअरने दिव्यातली टंगस्टनची तार निर्वातात तापवून तिचं वजन किती घटतं त्यावरून टंगस्टनचा बाष्पदाब काढला. दिव्याची काच काळी का पडते आणि त्यात वायू का भरावा, याचा जाब त्या आकड्यांत होता. इथे दाबमापक नाहीसा झाला. तापमान मात्र जागेवर राहिलं, आणि हजारो अंशांना ते ओळखणं हीच पुन्हा मुख्य शंका. रोजच्या व्यवहारातही हेच दिसतं: पेट्रोलची उडून जाण्याची प्रवृत्ती मोजण्याची रीड कसोटी ३७.८ अंशांनाच, म्हणजे १०० अंश फॅरनहाइटला, करायची हा दंडक आहे.

कोष्टक पक्कं झाल्यावर नातं उलटवण्याचा मोह साहजिक होता, आणि तो प्रवाशांना आधी झाला. पाणी किती अंशांना उकळतं हे पाहून हवेचा दाब आणि त्यावरून उंची काढायची, ही रीत डोंगर मोजणाऱ्यांनी उचलली. भारतीय सर्वेक्षण विभागाचे पंडित नैनसिंग १८६५ मध्ये तिबेटला निघाले तेव्हा त्यांच्या काठीत लपवलेला तापमापक ल्हासाची उंची काढण्यासाठी होता. प्रयोगशाळेत हा उलटा प्रवास हेलियमपाशी पूर्ण झाला. कॅमर्लिंग ओनेसने १९०८ मध्ये लायडेनला हेलियम द्रवरूप केला, त्या थंडीत पारा केव्हाच गोठलेला असतो आणि दुसरे तापमापकही डळमळतात. तिथे द्रव हेलियमच्या वाफेचा दाबच तापमान सांगू लागला. १९५८ मध्ये त्याचं आंतरराष्ट्रीय कोष्टक ठरलं, आणि १९९० पासून चालू असलेल्या आंतरराष्ट्रीय तापमान मोजपट्टीत ०.६५ ते ५ केल्व्हिन या पट्ट्यातलं तापमान हेलियमच्या दोन समस्थानिकांच्या बाष्पदाबानेच ठरवलं जातं. सेल्सियसच्या शंभर अंशांची खूण मात्र त्याच मोजपट्टीने काढून घेतली. एका वातावरणाच्या दाबाला पाणी आता ९९.९७४ अंशांना उकळतं.